रुबाब बाजूला, आवाज तळाला

"आपल्याकडचे रस्ते बघा आणि मग बोला!" एसयूव्हीला एटी टायरच हवेत असं म्हणणाऱ्याचा हा हुकमी एक्का. मुंबई नाका असो की पाथर्डी फाटा, नाशिकमधल्या कुठल्याही टायरच्या दुकानात थोडा वेळ उभं राहिलात तर तो टाकलेला दिसतोच. त्याच्या मागोमाग तीन वाक्यं ठरलेली: एटी खड्ड्यात फाटत नाही, पावसात घसरत नाही, आणि आवाजाचं म्हणाल तर आठ दिवसांत कान सरावतो. बोलणारा दुकानदार असला तर गिऱ्हाईक उठता उठता चौथंही येतं, "आणि साहेब, गाडीला लूक येतो ना!"

या चारांतलं फक्त चौथं खरं आहे. आधीची तीन त्या चौथ्याची लाज झाकायला पुढे केलेली असतात.

लूकशी माझं भांडण नाही, हे आधीच सांगून टाकतो. भांडण आहे ते हौसेला सुरक्षिततेचा दाखला जोडण्याशी. ज्याच्याबद्दल बोलतोय तो माणूस आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. आठवड्याला नाशिक-मुंबई किंवा नाशिक-पुणे, अधूनमधून भरवीरला समृद्धीवर चढून संभाजीनगर किंवा नागपूर, पावसाळ्यात भंडारदरा, एखादं सापुतारा. त्याच्या वाट्याला कच्चा रस्ता येतो तो रिसॉर्टच्या फाटकापासून पार्किंगपर्यंत. गाडी मात्र दणकट दिसायला हवी. हा माणूस टायर बदलायला निघतो तेव्हा त्याला तीन अक्षरजोड्या ऐकवल्या जातात: एचटी म्हणजे महामार्गाचा, एमटी म्हणजे चिखलाचा, आणि एटी म्हणजे दोन्हीकडे चालणारा. "दोन्हीकडे चालणारा" ऐकलं की मराठी माणसाला सौदा पटतोच.

खड्ड्यांपासून सुरुवात करू, कारण तो मुद्दा सगळ्यांत जोरात मांडला जातो. खड्डे आहेत, यात वाद नाही. वडप्यापासून ठाण्यापर्यंतच्या रुंदीकरणात ज्याने पावसाळा काढलाय त्याला पुरावा द्यायची गरज नाही. पण खड्ड्यात टायर मरतो कसा? वेगातलं चाक खड्ड्याच्या पलीकडच्या काठावर आदळतं, त्या क्षणी टायर काठ आणि रिम यांच्यामध्ये चिमटला जातो, आणि त्याच्या बाजूच्या भिंतीतले धागे तुटतात. दोन-चार दिवसांनी तिथे फुगा दिसतो. रस्त्याला टेकणारी नक्षी या सगळ्यात कुठेच नसते. तिच्या गोट्या जाड असोत की पातळ, चिमटा बसतो तो भिंतीला. वाचवतात त्या दोन गोष्टी: भिंतीची उंची आणि आत नीट भरलेली हवा.

उंचीचा हिशेब टायरवरच लिहिलेला असतो. 235/65 आर17 या मापात भिंत 235 च्या 65 टक्के, म्हणजे जवळजवळ 153 मिलिमीटर. 245/55 आर19 मध्ये तीच 135. एकाच गाडीच्या खालच्या आणि वरच्या मॉडेलमध्ये अशी मापं मिळतात, आणि आपण जास्त पैसे मोजून 19 इंची चाकं घेतो, खड्ड्याला मध्ये यायला 18 मिलिमीटर कमी रबर ठेवतो, आणि मग संरक्षण म्हणून एटीची नक्षी विकत घेतो! ज्याला खरंच खड्ड्यांची काळजी आहे त्याने लहान रिम आणि उंच भिंत घ्यावी. तो टायर साधा एचटी असला तरी 19 इंची एटीपेक्षा जास्त तगेल.

एक गोष्ट मान्य केली पाहिजे. मापाच्या आधी किंवा शेवटी 'एलटी' अशी अक्षरं असलेले टायर जाड बांधणीचे असतात आणि टोकदार दगडाच्या कापाला खरोखर दाद देत नाहीत. पेठ, हरसूल, सुरगाण्याच्या आतल्या वाड्यांवर रोज जाणाऱ्याला, खडीच्या खाणीवर काम असणाऱ्याला ते घ्यावेच लागतात. पण आपल्याकडे एसयूव्हीसाठी खपणारे बरेचसे एटी टायर साध्याच बांधणीचे असतात. त्यांचा दणकटपणा नक्षीपुरता.

शेतकऱ्याचं उदाहरणही हमखास पुढे येतं. निफाड-येवल्याच्या काळ्या मातीत पावसानंतर गाडी घातलीय कधी? ती चिकण माती एटीच्या खाचांत पहिल्या दोन फेऱ्यांतच भरते आणि टायर पुन्हा गुळगुळीत होतो. तो चिखल फेकून द्यायला एमटीसारख्या रुंद खाचा लागतात. त्या असल्या तरी बांधावरचा जाणता माणूस ट्रॅक्टरच बोलावतो. मुरमाच्या रस्त्यावर एटी छान चालतो. पण मुरमाच्या रस्त्यावर एचटीही चालतो, आणि आयुष्यभर मारुती आठशे घेऊन मळ्यात गेलेली पिढी अजून हयात आहे.

आता पाऊस. इथे गोष्ट चेष्टेची राहत नाही. इगतपुरीला वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि आपला मुंबईचा रस्ता तिथूनच कसारा घाट उतरतो. उतार, वळण, पुढे कंटेनर, रस्त्यावर पाणी आणि सांडलेल्या डिझेलचा पातळ थर. या ठिकाणी टायरकडून एकच काम हवं असतं, गाडी कमी अंतरात थांबवणं. ओल्या डांबरावर ते काम रबराचा मऊपणा, रस्त्याला प्रत्यक्ष टेकलेलं रबर आणि त्यातल्या बारीक चिरा करतात. एटीमध्ये खाचांना जागा दिल्यामुळे टेकणारं रबर कमी, दगडाने तुकडे उडू नयेत म्हणून मिश्रण बहुधा कडक, आणि गोट्या उंच असल्यामुळे ब्रेक लागला की त्या आधी वाकतात आणि मग धरतात. त्याच दर्जाच्या चांगल्या महामार्गी टायरपेक्षा ओल्या डांबरावर एटीचं थांबायचं अंतर सहसा जास्त भरतं ते यामुळे. साचलेल्या पाण्यातून जाताना नव्या एटीच्या खोल खाचा कामाला येतात, तेवढं श्रेय त्याला द्यायला हवं. पण घाटात पाणी साचत नाही, ते वाहून जातं. मागे राहतो तो ओला, गुळगुळीत पृष्ठभाग.

'पावसात घसरत नाही' याचा पुरावा म्हणून काही दुकानांत टायरवरचं चिन्ह दाखवतात: तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण. ग्राहक मान डोलावतो. ते चिन्ह दाबलेल्या बर्फावरच्या पकडीच्या चाचणीचं आहे. अंजनेरीला बर्फ पडायला लागला की त्याचा जरूर विचार करू.

राहिला आवाज, आणि 'कान सरावतो' हे सांत्वन. हा मुद्दा मला सगळ्यांत जास्त खटकतो, कारण त्यात ग्राहकाचीच चूक काढलेली असते. तुम्ही नाजूक, टायर ठीक. आवाज येतो कुठून ते एकदा समजून घेतलं तर ही बनवाबनवी चालणार नाही. चाक फिरताना नक्षीची प्रत्येक गोटी रस्त्यावर आपटते, आणि खाचेत अडकलेली हवा दाबली जाऊन झटक्याने बाहेर पडते. सगळ्या गोट्या एकाच लांबीच्या असतील तर आपटण्याचा ठेका एकसारखा पडतो आणि त्याचा एक सूर लागतो. कानाला त्रास होतो तो त्या एका सुराचा. म्हणून चांगले कारखाने गोट्या वेगवेगळ्या लांबीच्या ठेवतात आणि त्यांची मांडणी मुद्दाम विस्कळीत करतात. आवाज थोडा उरतो, पण विखुरतो. शहरात चाळीसच्या वेगाला यातलं काहीच कळत नाही. दुकानदार गाडी गल्लीतून एक चक्कर मारून आणायला सांगतो, तेव्हा कळणारही नसतं. नव्वदच्या पुढे, आणि त्यातही काँक्रीटवर, ते उघडं पडतं. काँक्रीटच्या रस्त्यावर पकड राहावी आणि पाणी निघावं म्हणून आडव्या बारीक रेघा ओढलेल्या असतात. त्या स्वतःच गुणगुणतात, त्यात गोट्यांची भर पडली की आत पिठाच्या गिरणीसारखी घरघर चालू होते. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा, जून 2025 पासून नागपूर ते आमणे सलग खुला, आणि मोटारींना 120 ची मर्यादा. एवढ्या रस्त्यात मागे बसलेल्या आईला प्रत्येक वाक्य दोनदा बोलावं लागतं. याला सरावणं म्हणायचं असेल तर म्हणा.

शिवाय हा आवाज वाढत जातो, हे कोणी सांगत नाही. नवीन असताना बरेच एटी शांत वाटतात. वापर होत जातो तशी प्रत्येक गोटीची एक कड जास्त झिजते आणि दुसरी उंच राहते. गाडी उभी करा आणि तळहात नक्षीवरून आधी एका दिशेने, मग उलट फिरवा. एकीकडून मऊ लागलं आणि दुसरीकडून टोचलं, तर तुमच्या टायरचा आवाज येत्या महिन्यांत वाढणार हे नक्की समजा. उपाय साधा आहे, साधारण आठ-दहा हजार किलोमीटरला पुढची-मागची चाकं बदलायची आणि अलाइनमेंट तपासायची. पण ते एचटीला चुकवलं तर एकवेळ चालून जातं, एटीला नाही.

इथपर्यंत वाचून दुसऱ्या गोटातले लोक खूश झाले असतील. "आम्ही तेच म्हणतोय. महामार्गावर चालवायचीय ना, मग गुमान एचटी घ्या, दिखाऊपणा कशाला?" त्यांच्याशीही माझं जमत नाही. एसयूव्ही घेणाऱ्याने आयुष्यात कधी छतावरच्या दांड्यांना काही बांधलेलं नसतं, तरी त्या दांड्या त्याला हव्या असतात. आपल्या सातपूरच्या कारखान्यातून 2002 मध्ये स्कॉर्पिओ बाहेर पडली ती काय फक्त सामान वाहण्याच्या गुणावर खपली? ऐटीत बसता येतं, समोरचा बाजूला होतो, दारात उभी असली की घर भरल्यासारखं वाटतं, यासाठी लोकांनी ती घेतली. सगळी गाडी रुबाबासाठी घ्यायची आणि टायरपाशी आल्यावर साधेपणाचा उपदेश करायचा, हा दुटप्पीपणा आहे. शांत आणि दणकट दिसणारा टायर मागणारा माणूस हावरटही नाही आणि मूर्खही नाही. त्याची मागणी पूर्ण करता येण्यासारखी आहे. कारण रुबाब आणि आवाज हे टायरच्या एकाच भागातून येतच नाहीत.

आवाज तळातून येतो, रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्यातून. डोळ्याला दणकट दिसते ती बाजू: भिंतीवरचे उंचवटे, खांद्यावरून खाली उतरलेले ठोकळे, मोठी पांढरी अक्षरं. 1976 मध्ये अमेरिकेच्या बीएफगुडरिचने हलक्या ट्रकसाठी ऑल-टेरेन रेडियल आणला, मेक्सिकोतल्या बाहाच्या वाळवंटी शर्यतींत त्यांचं नाव झालं, आणि ती पांढरी अक्षरं जगभर ऐटीची खूण झाली. भिंतीवरच्या ठोकळ्यांना मुळात काम आहे. हवा कमी करून खडकावर चढताना भिंत फुगते आणि ते ठोकळे दगडाला धरतात. इगतपुरीजवळ महिंद्राचं ऑफरोड प्रशिक्षण केंद्र आहे, तसल्या जागी त्याचा अर्थ कळतो. महामार्गावर पूर्ण हवेत ते रस्त्याला शिवतही नाहीत. म्हणजे ते आवाज करत नाहीत, ब्रेकही बिघडवत नाहीत. कारखान्यांना हे पक्कं ठाऊक आहे. योकोहामाच्या जिओलँडर एक्स-एटीला दोन बाजूंना दोन वेगळ्या नक्षीच्या भिंती असतात, बाहेर कुठली ठेवायची ते गिऱ्हाईकाने ठरवायचं. दागिना म्हणून दुसरं काय असतं?

तेव्हा दुकानात गेल्यावर आधी भिंत बघू नका, खाली बसा आणि तळ बघा. मधून सलग पट्टी गेलेली आहे का, की मधलाही भाग तुटक गोट्यांचा आहे? सलग पट्टी असलेला शांत निघण्याची शक्यता जास्त. खांद्याकडच्या खाचा बाहेर थेट उघडतात की अर्ध्यात बंद होतात? गोट्यांमध्ये नख जाईल एवढ्या बारीक चिरा भरपूर आहेत का, आणि टायर अर्धा झिजल्यावरही राहतील एवढ्या खोल आहेत का? डावीकडच्या आणि उजवीकडच्या गोट्या एका रेषेत येतात की सरकवलेल्या आहेत? तळ या परीक्षेत उतरला की मग भिंतीकडे बघा आणि हवा तेवढा रुबाब निवडा. सौम्य एटी म्हणावेत असे टायर आता देशी-विदेशी दोन्ही नावांत आहेत, आणि आपल्या ड्रायव्हरला एमटी किंवा त्याच्या जवळ जाणारा एटी कुठल्याच कारणाने लागत नाही. जून 2020 मध्ये केंद्राने टायरच्या आयातीवर निर्बंध आणले, तेव्हापासून बाहेरचे काही टायर मिळाले तरी जुने पडलेले असू शकतात. भिंतीवरचे शेवटचे चार आकडे वाचा. 2324 असेल तर 2024 सालचा तेविसावा आठवडा.

रुबाबाचा आणखी एक मार्ग आहे, जो दुकानदार सुचवत नाही कारण त्यात त्याची विक्री घटते. तुमच्याच गाडीच्या खालच्या मॉडेलला कंपनीने लहान रिम आणि उंच भिंतीचा टायर दिला असेल, आणि तो तुमच्या ब्रेकवर बसत असेल, तर तो घ्या. चाकाच्या कमानीत रबर जास्त दिसतं, गाडी जास्त रांगडी दिसते, खड्ड्याला जास्त जागा मिळते आणि आतला हादराही कमी होतो. एवढं सगळं एकत्र देणारा बदल दुसरा नाही.

याच्या उलट टोकाचा बदल म्हणजे कंपनीने दिल्याहून मोठा टायर. 245/65 आर17 च्या जागी 265/70 आर17 बसवला तर व्यास 750 मिलिमीटरवरून 803 होतो, म्हणजे सात टक्के वाढ. काटा 113 दाखवत असताना चाकं त्या काट्याच्या हिशेबाने 121 ने धावतात. मीटर मुळात थोडा जास्तच दाखवतो हे खरं, पण ती सवलत इथे संपते, आणि समृद्धीवरचे कॅमेरे तुमचा काटा वाचत नाहीत. ब्रेक, गिअर, वळताना कमानीला घासणं, विम्याच्या वेळचे प्रश्न, ही पुढची यादी तुम्हीच करा.

हवेबद्दल दोनच शब्द. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर जो आकडा चिकटवलेला असतो, तो थंड टायरचा. 'हादरे कमी बसतील' म्हणून त्याहून कमी हवा ठेवून उन्हाळ्यात तासन् तास काँक्रीटवर पळवणं ही टायर तापवून फोडण्याची खात्रीची पद्धत आहे. समृद्धीवर टायर फुटून इतके अपघात झाले की 2023 मध्ये परिवहन विभागाला प्रवेशाशी टायर तपासायची मोहीम काढावी लागली. तिथे गुळगुळीत टायर अडवले जातात, पण कमी हवेचे टायर कोण अडवणार?

शेवटी आकड्यांचं. टायरचा आवाज, ओल्या रस्त्यावरची पकड आणि फिरण्यातला विरोध यांची चाचणी आपल्याकडे एआयएस-142 या मानकाने बंधनकारक झाली आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने 2022 मध्ये तशी अधिसूचना काढली. आवाजाची चाचणी बाहेर होते: गाडी ताशी 80 च्या आसपास वेगाने, इंजिन बंद ठेवून, रस्त्याकडेच्या मायक्रोफोनजवळून जाते. त्यामुळे तो आकडा म्हणजे गाडीतला आवाज नव्हे, पण दोन टायरांची तुलना करायला पुरतो. युरोपात 2012 पासून हे आकडे टायरला चिकटवलेल्या पट्टीवर छापून येतात, ओल्या रस्त्याच्या पकडीच्या श्रेणीसकट. जी मॉडेलं तिथेही विकली जातात त्यांचे आकडे घरबसल्या बघता येतात, माप मात्र नेमकं तेच असल्याची खात्री करा. नाशिकच्या दुकानात उभ्या असलेल्या ग्राहकाला हे आकडे कोणी दाखवत नाही. त्याला ऐकवलं जातं, "आपल्याकडचे रस्ते बघा."

सातपूरला महिंद्राचा कारखाना आहे आणि सीएटचाही. गाडी इथली, टायर इथला, घाट आणि काँक्रीट दोन्ही हाकेच्या अंतरावर. महामार्गी तळ आणि रांगडी भिंत असा टायर आपल्या मापांत, आपल्या पावसावर पारखून द्या, त्याचे जास्त पैसे मोजायला गिऱ्हाईक तयार आहे. आणि तो येईपर्यंत निदान आहेत त्या टायरांचे आकडे तरी सांगा. चाचण्या झालेल्या आहेत, आकडे कंपन्यांकडे आहेत, नव्या टायरला कागदी पट्टी आजही चिकटवलेली असते. त्या पट्टीवर दोन ओळी वाढवायच्या आहेत.